तिसऱ्या खुर्चीचा वचपा

१२ जानेवारी, रविवार

मखमल जिवंत आहे. एवढंच नव्हे, रेडिओवर आहे.

दुपारी चारच्या सुमारास हिच्या चष्म्याची काडी आवळत बसलो होतो. उभा जन्म दुकानात लोकांचे चष्मे करण्यात गेला, आता घरचे करतो. ओट्यावर रेडिओ चालू होता आणि ही बातम्या शोधत काटा फिरवत होती. मध्येच तो आवाज आला. "मंडळी, बूट पुसून घ्या, रविवारचं नाचघर उघडलंय." माझ्या हातातला स्क्रू कुठे उडाला तो अजून सापडलेला नाही.

आवाज खरखरीत झालाय, पण लाडात येऊन शब्द ओढायची खोड तशीच आहे. बँडमध्ये सगळे त्याला मखमल म्हणायचे. मी मनात दुसरं काहीतरी म्हणायचो. ते इथे लिहीत नाही, डायरी सुनेच्या हाताला लागू शकते.

कार्यक्रम आमच्या काळातल्या गाण्यांचा. सोळा-सोळा वादकांचे मोठे बँड, मधोमध काळ्या सुटातला गायक, समोर नाचणारी जोडपी, त्या जमान्यातल्या रेकॉर्डी हा लावतो आणि मध्ये मध्ये आठवणी सांगतो. आज त्याने दिव्याचं गाणं काढलं. आमच्या बँडची एकुलती एक गाजलेली रेकॉर्ड. लावायच्या आधी म्हणतो कसा, "मधल्या तुकड्याला शब्दच नव्हते हो. मी डोळे मिटले आणि आपोआप गुणगुणायला लागलो. सगळा स्टुडिओ गप्प झाला."

तळपायाची आग मस्तकात गेली. गाणं सुरू व्हायच्या आत रेडिओ बंद केला. ही म्हणाली, "अहो, लागू दे की." मी म्हटलं, "या घरात ते गाणं लागणार नाही." ती बिनकाडीचा चष्मा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने भाजी निवडायला लागली.

१३ जानेवारी

खरं काय झालं ते एकदाचं लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल.

बँडमध्ये आम्ही तिघे ट्रम्पेटवाले. पहिला चाल वाजवतो, तीच लोकांच्या तोंडी बसते. दुसरा त्याच्या खालून त्याला धरून असतो. तिसरा त्या दोघांच्याही खाली, भिंतीतल्या विटेसारखा. तो नसला तर भिंत पोकळ वाटते, पण नुसता तोच ऐकवला तर गाणं कुठलं हे वाजवणाऱ्याच्या आईलासुद्धा ओळखू येणार नाही. मी तिसरा. नावाने कोणी हाक मारायचंच नाही, "ए तिसऱ्या" म्हणायचे. वर्षानुवर्षं त्या खुर्चीत बसून बसून मी वीट झालो होतो.

दिव्याच्या गाण्यात बँडमास्तरांनी मधला तुकडा मला दिला. मला एकट्याला, उभं राहून वाजवायला. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तो असा वाजवला की लोण्यातून सुरी फिरावी. तो सूर आजही माझ्या कानात जसाच्या तसा आहे. संपल्यावर मखमल काचेपलीकडे गेला आणि बँडमास्तरांच्या कानाशी लागला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, तोंड हलताना तेवढं दिसलं. बँडमास्तर बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मधला तुकडा गळ्यातून घेऊ या. चला, पुन्हा एकदा." दुसऱ्या वेळी मी खाली बसून विटेचं काम केलं आणि तो डोळे मिटून हुं हुं करत राहिला. त्या हुं हुं वर त्याची अख्खी कारकीर्द उभी राहिली.

महिन्याभरात मी बँड सोडला. ट्रम्पेट पेटीत गेला आणि पेटी कपाटावर. हिला ते गाणं फार आवडायचं. नवीन लग्न होतं तेव्हा भांडी घासताना गुणगुणायची. एकदाच सांगितलं, माझ्या कानावर ते नको. त्यानंतर कधी ऐकू आलं नाही. समजूतदार आहे.

डोकं काही शांत झालं नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज पूर्ण कार्यक्रम ऐकला. शत्रूची माहिती हवी.

त्याने एक टूम काढली आहे. ऐकणाऱ्यांनी फोन करायचा, पण गाण्याचं नाव सांगायचं नाही. दोन ओळी गुणगुणायच्या आणि हा ओळखणार. ओळखलं तर रेकॉर्ड लावतो, नाही ओळखलं तर "हरलो बुवा" म्हणून सगळ्यांसमोर कबूल करतो. आज दोनदा हरला. एका बाईंनी चांगलं गोड गुणगुणलं, तरी याला पत्ता नाही.

म्हणजे दार उघडंच आहे. असली गाणी शोधून काढायची की हा एक तर ओळखणार नाही, किंवा ओळखून लावलं तर लाजेने मान वर करणार नाही. तो कुठे बेसूर झाला, कुठे शब्द विसरला, कुठे शिंकला, सगळं मला पाठ आहे. त्याच्या पाठीमागे बसण्याचा एवढा तरी फायदा व्हायला हवा.

आवाज बदलून बोलायचं. दर खेपेला नवा माणूस.

२६ जानेवारी, रविवार

पहिला वार झाला!

आज मी दंतवैद्य होतो. आवाज जाड करून बोललो. गाणं निवडलं ते एका हिवाळी नाचाच्या वेळचं, ज्यात मखमल आपली ओळ यायच्या आधीच घुसला होता आणि सगळा बँड त्याच्यामागे धावला होता. दोन ओळी नीट, सुरात गुणगुणल्या. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फसला. मग म्हणाला, "छान, डॉक्टर. फार छान गुणगुणलात." आणि ओळखलं.

ओळखलं तर ओळखलं, रेकॉर्ड तर लावावी लागलीच. पण निर्लज्ज इतका की लावायच्या आधी स्वतःच सांगितलं, "यात मी कसा आधीच घुसलोय ते ऐका. मागच्या रांगेतल्या कुणीतरी मला सावरलं म्हणून वाचलो." कुणीतरी! मीच तो. अर्धी ओळ गाळून त्याच्या बरोबरीला आलो होतो. याला नावही आठवत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज निवृत्त शाळामास्तरीण झालो. बारीक आवाज काढताना हिला हसू आवरेना. "अहो, घशाला काही झालं तर मी काढा देणार नाही हं," असं म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. सूनबाई रविवारच्या आल्या होत्या. त्या खुर्ची ओढून समोरच बसल्या, जशी काही मी नाटकात कामाला आहे.

मुद्दाम कुणाला माहीत नसलेलं गाणं काढलं. त्याची रेकॉर्ड चारचौघांनीसुद्धा घेतली नसेल. मी गुणगुणलो. याने माझी दुसरी ओळ संपू दिली नाही, लगेच ओळखलं. त्याच्या आधी एका मुलीने अगदी सोपं गाणं गुणगुणलं होतं, तिथे मात्र हरला होता.

फोन ठेवल्यावर सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हे कुठलं हो गाणं? गाण्यासारखं वाटतच नाही. सगळं एकाच सुरात."

"तुला काय कळतंय! त्याने ओळखलं की नाही?"

"ओळखलं खरं," त्या म्हणाल्या. "तेच तर नवल."

यात नवल कसलं? मी सुरात गुणगुणतो म्हणून ओळखतो. बाकीचे गुणगुणतात काहीतरी वेडंवाकडं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोटीवरचा आचारी. पुन्हा ओळखलं. वर म्हणतो, "आचारीबुवा, बोटीवर सगळं क्षेम आहे ना? घरची मंडळी बरी?" बोटीवर घरची मंडळी कुठली असतील! मूर्ख माणूस.

२३ फेब्रुवारी, रविवार

एकट्याने भागणार नाही. आता सैन्य उभं करतो.

न्हाव्याला पढवलं. त्याने फोन करून विचारायचं, "तुमचं गाणं ऐकलं की आमच्या दुकानातलं गिऱ्हाईक डुलक्या घेतं, वस्तरा कसा चालवू?" औषधवाल्याला सांगितलं की झोपेच्या गोळीऐवजी ही रेकॉर्ड देऊ का, असं विचार. सूनबाईंच्या कचेरीतल्या दोघींना एकेक टोमणा लिहून दिला. सगळे हसत हसत तयार झाले. लोकांना नुसतं निमित्त हवं असतं.

२ मार्च, रविवार

सैन्य फितूर झालं.

न्हाव्याने टोमणा मारला, पण मखमलने असं खळखळून हसून उत्तर दिलं की हा विरघळलाच. वर आपल्या बायकोसाठी एक गाणं गुणगुणून मागितलं. औषधवाल्याने तर दुकानात रेडिओच आणून ठेवलाय. सकाळी खोकल्याचं औषध आणायला गेलो तर म्हणतो, "काका, तुमच्यामुळे कार्यक्रम कळला. काय माणूस आहे हो!" कचेरीतल्या दोघींनी आपल्या आयांना सांगितलं, आयांनी आपल्या बहिणींना. आज फोनवाल्यांची रांग लागली म्हणे. मला स्वतःला लाइन मिळाली नाही.

औषध न घेताच परत आलो.

१६ मार्च, रविवार

आज कार्यक्रमाच्या शेवटी मखमल गंभीर आवाजात बोलायला लागला. मी चहाचा कप ठेवून उठलो आणि रेडिओजवळ गेलो. म्हटलं, आजारी वगैरे असेल.

तो म्हणाला, "मंडळी, आता सांगायला हरकत नाही. या महिन्याअखेर हे नाचघर बंद व्हायचं होतं. कुणी ऐकत नाही असं वरच्यांचं म्हणणं होतं. नव्या वर्षात पहिल्या तीन रविवारी मोजून तीन-चार फोन आले. मग एका डॉक्टरांचा आला, मग एका बाईंचा, आणि बघता बघता फोन थांबेनात. आता कार्यक्रम बंद होत नाही. उलट अर्धा तास वाढलाय. ज्यांनी सुरुवात केली त्यांचा मी ऋणी आहे. ते कोण, ते त्यांना माहीत आहे."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. म्हणजे मी गप्प बसलो असतो तर हा आपोआप मेला असता, रेडिओवरून म्हणतो मी. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही आवाज बदलून बदलून.

ही म्हणाली, "चहा गार होतोय." हसत होती असं मला वाटलं, पण पाठ माझ्याकडे होती.

१८ मार्च

कपाटावरची पेटी काढली.

२१ मार्च

ठरलं. मखमलने जाहीर केलंय की २० एप्रिलला कार्यक्रमाचा वाढदिवस आहे. त्या दिवशी फोनवरून ज्याला जे सादर करायचं ते करू द्यायचं. कुणी गावं, कुणी वाजवावं. मी वाजवणार. दिव्याच्या गाण्यातला मधला तुकडा, जसा त्या दिवशी वाजवला होता तसाच. आणि मग नावानिशी सांगणार की हा तुकडा माझा, या माणसाने काचेपलीकडे जाऊन माझ्या तोंडचा काढून घेतला. त्याच्याच नाचघरात, त्याच्याच वाढदिवसाला. पुढचा अर्धा तास मग काय वाढवायचा तो वाढव म्हणावं.

ट्रम्पेटच्या कळा गंजून घट्ट बसल्या होत्या. शिवणाच्या मशीनचं तेल घातलं. पहिली फुंकर मारली तर रेडकाने हंबरावं तसा आवाज आला. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई वर येऊन विचारून गेल्या, "काही पडलं का?"

२९ मार्च

भोंग्यात दोन लोकरीचे मोजे कोंबून कपाटाचं दार उघडतो आणि कोटांमध्ये तोंड घालून वाजवतो. बाहेर फारसं ऐकू जात नाही. ओठ सुजलाय. हिने न विचारता ओठाला तूप लावलं. "इतकं कशासाठी?" म्हणाली.

"त्याची बोलती बंद करायला."

"आणि झाली बंद, मग?"

मग काय? मग काहीच नाही. बायकांना सूड म्हणजे काय हे कळत नाही.

१२ एप्रिल

आज तुकडा सलग आला. वरचा सूर अजून डळमळतो, पण तो वयाचा दोष. तरुणपणी तो सूर मी झोपेत लावायचो. त्या दिवशी तर असा लागला होता की पहिल्या ट्रम्पेटवाल्याने वळून बघितलं होतं. त्याची ती नजर मी कधी विसरलो नाही.

२० एप्रिल, रविवार

लिहायला हात होत नाही, पण लिहितो. घडलं तसं.

फोन लागला. ही रिसीव्हर धरून उभी, मी ट्रम्पेट ओठापाशी धरून. सूनबाई दाराशी. मी कुठलाही आवाज काढला नाही, माझ्याच आवाजात म्हटलं, "एक जुना वादक बोलतोय. वाजवायचं आहे."

तो म्हणाला, "वाजवा की. पण नाचघराचा नियम, आधी गुणगुणा."

मी दिव्याच्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी गुणगुणलो.

मखमल हसला. मोठ्याने नाही, आम्ही बस पकडायला उभे असायचो तेव्हा हसायचा तसा. "मंडळी," तो म्हणाला, "गेले तीन महिने मला एक दंतवैद्य फोन करतात, एक शाळेतल्या बाई करतात, एक बोटीवरचे आचारी करतात. सगळ्यांचे आवाज वेगळे. पण गुणगुणतात मात्र सगळे सारखंच. गाण्याची चाल कुणीच गुणगुणत नाही. चालीच्या खाली, त्याच्याही खाली जो तिसरा ट्रम्पेट वाजतो, तो गुणगुणतात. तो सूर पाठ असलेला माणूस या जगात एकच आहे. कसा आहेस रे तिसऱ्या?"

माझ्या कानशिलात कुणी मारली असती तरी बरं. हिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली घातली. तिलाही माहीत होतं. सूनबाईंनाही माहीत असावं. सगळ्या गावाला माहीत होतं, एक मी सोडून.

पण मी मागे हटलो नाही. म्हटलं, "मधला तुकडा माझा होता."

"हो," तो म्हणाला. "तुझाच होता."

"तू मास्तरांच्या कानाला लागलास."

"लागलो. मीच मागून घेतला."

सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याने कबूल केलं. जे ऐकायला मी इतकी वर्षं दात-ओठ खात बसलो होतो ते त्याने सहज, पाणी मागावं तसं सांगून टाकलं. मी म्हटलं, "मग आता ऐक. सगळे ऐका, खरा तुकडा काय होता तो." आणि ट्रम्पेट ओठाला लावला.

"थांब," मखमल म्हणाला. "आता कशाला दमतोस? त्या दिवशीचाच ऐकू. पहिल्या वेळची फीत मास्तर पुसायला निघाले होते, ती मी ठेवून घेतली. आजवर कुणाला ऐकवली नाही."

आणि त्याने ती लावली.

सुरुवातीला बँड. मग मखमलचा तरुण गळा. मग मी.

पहिल्या दोन ओळी बऱ्या होत्या. तिसऱ्या ओळीत वरचा सूर फाटला. घसरला, किंचित हलला वगैरे नव्हे. चक्क फाटला. त्यानंतर मी घाबरून पळायला लागलो. ड्रमवाला मला धरायला धावतोय, मी त्याच्या पुढे, सॅक्सोफोनवाले मध्येच लोंबकळलेले. शेवटचा सूर जिथे टेकायला हवा त्याच्या खाली टेकला, आणि मी तो लांबवला. खुशाल लांबवला, कौतुकाने.

पहिल्या ट्रम्पेटवाल्याने वळून का बघितलं होतं ते कळलं.

तुकडा त्याने मध्ये कुठेही कापला नाही. संपल्यावर म्हणाला, "मस्त वाजवलास रे तिसऱ्या." हा आवाज मला ठाऊक आहे. नवा पोरगा पहिल्याच दिवशी गडबडला की मखमल त्याच्या पाठीवर हात ठेवून याच आवाजात बोलायचा.

ट्रम्पेट हातातच राहिला. हिने रिसीव्हर खाली ठेवला.

२१ एप्रिल

फीत जुनी झाली की ताणते. उन्हाने, दमटपणाने सूर खाली उतरतात. कुणीही सांगेल.

२२ एप्रिल

फीत ताणली तर सगळ्यांचेच सूर उतरतील. माझ्या एकट्याचा कसा उतरेल?

२४ एप्रिल

लोक घरी यायला लागलेत. न्हावी आला, पेढे आणल्यासारखा चेहरा करून. "काका, तुम्ही एवढे मोठे वादक, कधी बोलला नाहीत!" वकीलबाई म्हणाल्या की डोळ्यांत पाणी आलं. औषधवाल्याने पैसे घेतले नाहीत. एकालाही फाटलेला सूर ऐकू आला नाही. एकालाही! मी सांगून बघितलं तर म्हणतात, "काका, किती तो विनय."

हा खरा मखमलचा वार. मला खोटं पाडलं असतं तर मी जन्मभर भांडलो असतो. त्याने माझं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं आणि जे मागितलं ते हातात ठेवलं. असा वैरी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

२७ एप्रिल, रविवार

कार्यक्रम ऐकला नाही. चार वाजता ही रेडिओकडे गेली, माझ्याकडे बघितलं आणि परत येऊन बसली.

मग मीच म्हटलं, "खरं सांग. कसा होता?"

तिने हातातलं विणकाम थांबवलं नाही. "कोणता?"

"माझा तुकडा."

"छान होता."

"खरं सांग म्हटलं ना."

"खरं सांगू? मला आधीपासून दुसरा आवडायचा. गुणगुणलेला. लग्नाआधी मैत्रिणींबरोबर नाचघरात यायचे ती त्याच्यासाठीच. तुम्हाला बघायला नव्हते येत. तुम्ही तर दिसायचाच नाहीत पहिल्या ट्रम्पेटवाल्याच्या मागे." थोड्या वेळाने म्हणाली, "नंतर दिसलात."

मी बाहेर जाऊन गॅलरीत उभा राहिलो. दिव्याच्या गाण्याची ती गाजलेली रेकॉर्ड मी एकदाही पुरती ऐकलेली नाही, हे तिथे उभं असताना लक्षात आलं. वाजवली तेव्हा मी माझी वीट सांभाळत होतो. नंतर कधी लागू दिली नाही.

२९ एप्रिल

हार मानलेली नाही. नवा बेत ठरला आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन करणार. दिव्याचं गाणंच मागणार, पण या खेपेला तिसऱ्या ट्रम्पेटचा सूर नाही, खरी चाल गुणगुणणार. म्हणजे "कसा आहेस रे तिसऱ्या" म्हणायची त्याची सोय राहणार नाही. तो मला कुणी तरी परका समजेल, आदराने अहोजाहो करेल, रेकॉर्ड लावेल, आणि कार्यक्रम संपायच्या आत मी सांगेन की मीच होतो. तेवढी तरी फजिती झालीच पाहिजे त्याची.

अडचण एकच. चाल मला येत नाही.

दुपारभर प्रयत्न केला. तोंड उघडलं की खालचा सूर येतो. जन्मभर त्या गाण्याच्या तळघरात राहिलो, वर काय आहे ते पाहिलंच नाही.

३० एप्रिल

हिला म्हटलं, "तुला येतं ना ते? दिव्याचं? जरा गुणगुणून दाखव."

ही कणीक मळत होती. हात थांबले. माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "नाही आठवत."

"असं कसं? तुला तर पाठ होतं."

"होतं. तुम्ही म्हणालात कानावर नको. म्हणून विसरले."

"अगं, म्हणून अगदी..."

"हो. अगदी." आणि पुन्हा मळायला लागली.

इतकं मनावर घ्यायचं काय कारण? एकदाच तर बोललो होतो.

१ मे

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. "नाही हो आठवत." वर मला चहा करून दिला, साखर बरोबर घालून. भांडली असती तर बरं झालं असतं.

२ मे

तिला आठवतंय.

दुपारी मला डुलकी लागली असं तिला वाटलं. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आत भांडी विसळण्याचा आवाज, आणि त्याच्या वर, बारीक आवाजात, ते गाणं. गळा पिकलाय, पण सूर पक्का. एवढी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे. मी उठून दाराशी गेलो. लाकडी फळी कुरकुरली आणि आवाज बंद. दार उघडलं तर ती ताट पुसत होती. "काय हवंय?" म्हणाली.

"काही नाही. पाणी."

"समोरच आहे."

पाणी प्यायलो. तहान नव्हती.

३ मे

आता फळीवर पाय देत नाही. चपला काढून भिंतीच्या कडेने जातो आणि दाराला कान लावून उभा राहतो. मखमलला दाखवायचं आहे, म्हणून हे सगळं. उद्या चार वाजता फोन आहे.

पहिल्या दोन ओळी आल्या. तिसरीही जवळजवळ आली. फक्त मधला तुकडा राहिलाय. तिथे पोचली की ती मुद्दाम आवाज उतरवते, आणि मला कान दाराला आणखी घट्ट लावावा लागतो.